उंची कोणत्या शून्यापासून? डीईएमच्या फाइली सात महिने वापरल्यानंतर

पादऱ्याच्या पश्चिमेला कडा नाही. तेथे सपाट शेतजमीन आहे, हे बडोद्यातील कोणीही सांगेल; तरीही मकरपुऱ्यातील एका कारखान्यातून कापून आलेल्या माझ्या एमडीएफच्या (दाबीव लाकडी फळीच्या) प्रारूपात त्याच जागी उत्तर-दक्षिण सरळ धावणारी ५ मिलिमीटरांहून थोडी अधिक उंच पायरी उभी होती. पावागडापासून विश्वामित्रीच्या काठाने शहरापर्यंत आणि पुढे ढाढरच्या वाटेने खंभातच्या आखातापर्यंतचा प्रदेश मी एका शाळेच्या भूगोलकक्षासाठी १:१,००,००० प्रमाणात, उंची १० पट वाढवून करून घेतला होता. त्यासाठी दिलेली फाइल डीईएमची, म्हणजे भूपृष्ठाची उंची चौकोनी पेशींच्या जाळीत आकड्यांनी देणारी, होती. "काका, फाइल तुम्ही दिलीत, मशीनने तीच कापली," असे म्हणून कारखानदारांनी साडेचार हजार रुपये परत देण्यास नकार दिला. मी बराच वाद घातला. त्यांचे म्हणणे खरे होते, हे मला चार दिवसांनी कळले.

बडोदे आणि पावागड हे दोन्ही एसआरटीएम या अवकाशयानातून मोजलेल्या डीईएमच्या एकाच टाइलमध्ये, म्हणजे एक अंश लांबरुंद तुकड्यात, बसतात. टाइलचे नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून पडते, म्हणून २२ अक्षांश आणि ७३ रेखांश शोधले की काम होते. आखाताकडील भाग मात्र ७२ रेखांशाच्या टाइलमध्ये जातो. ती टाइल उतरवताना जोडणी तीनदा तुटल्यामुळे मी दुसऱ्या संकेतस्थळावरून वेगळ्या मालिकेची टाइल घेतली आणि दोन्ही क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडल्या. पश्चिमेकडील फाइलमधले उणे आकडे मला दिसले होते. किनारा जवळ आहे, असे समजून मी ते मान्य केले.

एसआरटीएमची उंची ईजीएम९६ या जिऑइडपासून, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीपासून, मोजलेली असते. दुसऱ्या फाइलची उंची डब्ल्यूजीएस८४ च्या एलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून, होती. आपल्या भागात जिऑइड त्या गणिती पृष्ठाच्या ५० मीटरांहून अधिक खाली आहे, त्यामुळे एकच शेत एका फाइलमध्ये समुद्रसपाटीच्या वर आणि दुसरीत बरेच खाली दिसते. हे सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेले होते, परंतु उतरवण्याच्या बटणापाशी नव्हते, आणि माझी खरी तक्रार तेवढीच आहे. पेशींचा आकार, तारीख, व्याप्ती हे सर्व ठळक अक्षरांत सांगणाऱ्या पानावर उंची कशापासून मोजली, ही एक ओळ सर्वांत वर असायला हवी, कारण त्या ओळीवाचून फाइलमधल्या एकाही आकड्याला अर्थ नाही.

सुरुवातीला मी सर्वांना एसआरटीएमच घ्यायला सांगत असे. तिचे मोजमाप फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून ११ दिवसांत झाले, आणि पावागडासारख्या डोंगरासाठी ती आजही पुरेशी आहे. मात्र तिच्यातील उंची पूर्ण मीटरांत असल्यामुळे बडोद्याच्या सपाटीवर उताराचे नकाशे पायऱ्यापायऱ्यांचे येतात, आणि म्हणून माझे मत बदलले. २०११ ते २०१५ मधील टँडेम-एक्स उपग्रहांच्या मोजणीवर उभे असलेले कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाचे ३० मीटरच्या पेशींचे डीईएम दशांशांत उंची देते आणि मैदानात कितीतरी नितळ दिसते. तेही विनामूल्य आहे. फक्त त्याचा जिऑइड ईजीएम९६ नसून ईजीएम२००८ आहे.

तरीही दोन्हींमध्ये जमिनीऐवजी वरचे पृष्ठ मोजलेले आहे, झाडे आणि इमारतींसकट. कमाटीबागेतून वाहणारी विश्वामित्री मी फाइलमध्ये शोधली, तेव्हा तिचे खोल पात्र झाडांच्या शेंड्यांखाली आणि ३० मीटरच्या पेशींत जवळजवळ बुजून गेलेले आढळले. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर आमच्या दांडिया बाजारातील दोघांनी आपल्या दाराशी पाणी कितपत चढेल, हे या फाइलवरून सांगा, असा आग्रह धरला. मी नकार दिला, कारण असे उत्तर देणे धोक्याचे ठरले असते. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये कोपर्निकसमधून झाडे आणि इमारती वजा करून फॅबडेम प्रसिद्ध केले. शाळेच्या कामाला ते चालते, व्यावसायिक वापराला मोफत परवाना नाही.

प्रारूपाची दुसरी फळी मी सर्व टाइली एकाच मालिकेतून घेऊन, अंशांऐवजी मीटरांत मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणाच्या ४३ व्या पट्ट्यात बदलून आणि नदीची रेघ वेगळी कोरून घेऊन केली. कारखान्यात फाइल देण्यापूर्वी आता तीन ठिकाणचे आकडे वाचतो: पावागडाचा माथा ८०० च्या आसपास, शहर ४० च्या आतबाहेर, आणि आखाताचा काठ शून्याजवळ. काठावर उणे ५० दिसले तर ती फाइल घराबाहेर जात नाही.