मॉल झकास, पण माझा मोबाईल नंबर कशाला?

५ पैकी ३ तारे. पार्किंग ऐसपैस, स्वच्छतागृहं खरोखर स्वच्छ, फूड कोर्टातली मिसळ मात्र नावालाच. माझी तक्रार वेगळीच आहे.

२०१० साली आपल्या पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला, माणसं गेली. त्यामुळे पिशवी तपासायला माझी अजिबात ना नाही. पण तपासायची तर नीट तपासा की! इथली मेटल डिटेक्टरची चौकट येईल त्याच्यावर पीं करून ओरडते आणि गार्डदादा मान हलवून आत सोडतात. माझ्या पर्सची वरची चेन उघडली, छत्री बघितली, झालं. खालचे दोन कप्पे रामभरोसे. बायकांसाठी पडद्याआड वेगळी सोय आहे आणि तिथल्या ताई अदबीनं बोलतात, हे आवडलं.

खरी चौकशी बिलाच्या काउंटरवर. दोन टॉवेल घेतले, तर "मॅडम, नंबर सांगा, सिक्युरिटीसाठी लागतो." टॉवेलची कसली आलीय सिक्युरिटी? नंबरासाठी ग्राहकाला अडवू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. हे ऐकवल्यावर मॅनेजर आले, दहा शून्यं दाबली आणि बिल निघालं. म्हणजे नंबराशिवाय अडत काहीच नव्हतं!

ट्रायल रूमच्या बोळात कॅमेरा आहे. चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतात, याची पाटी कुठंच नाही. ती आधी लावा.

रविवारी जाणार असाल तर मागच्या गेटनं जा, रांग कमी असते.