‘व्हॅली ऑफ द शॅडो’: दोन काउंट्यांचे खुले दप्तर

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्ध मराठी वाचकाला बहुधा दोन संदर्भांतून माहीत असते. दक्षिणेतील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाची व शेअरची तेजी उसळली, हा एक. आणि महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, हा दुसरा. त्या युद्धात एखाद्या शेतकरी मुलखातील घरांचे नेमके काय झाले, हे ज्याला पाहायचे असेल त्याने व्हर्जिनिया विद्यापीठात १९९० च्या दशकात एडवर्ड एअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला ‘व्हॅली ऑफ द शॅडो’ हा इंटरनेटवरील दस्तऐवज-संग्रह अवश्य उघडावा. तो विनामूल्य आहे आणि नावनोंदणीची अटही नाही.

संग्रहाची मूळ कल्पना साधी असली तरी ती निभावणे अवघड होते. एकाच लांबलचक खोऱ्यात, एकमेकींपासून सुमारे दोनशे मैलांवर असलेल्या दोन काउंट्या (म्हणजे जिल्ह्यासारखे प्रशासकीय विभाग) निवडायच्या, दक्षिणेकडील व्हर्जिनियातील ऑगस्टा आणि उत्तरेकडील पेनसिल्व्हेनियातील फ्रँकलिन, आणि त्या दोन्हींची वृत्तपत्रे, खानेसुमारी, करनोंदी, चर्चची कागदपत्रे, सैनिकांच्या नोंदी, पत्रे व रोजनिशा युद्धापूर्वी, युद्धकाळात आणि युद्धानंतर अशा तीन दालनांत शेजारी शेजारी मांडायच्या. गुलामगिरी म्हटले की कापसाचे मळेच डोळ्यांसमोर येतात, पण ऑगस्टा हा गव्हाचा मुलूख होता, आणि तरीही १८६० मध्ये तेथील सुमारे २८ हजार लोकांपैकी साडेपाच हजारांहून अधिक माणसे गुलाम होती. ऑगस्टातील स्टँटन या गावच्या वृत्तपत्रांतून गुलाम भाड्याने देण्याघेण्याच्या जाहिराती वाचताना ही व्यवस्था कापसावाचूनही किती सुखेनैव चालत होती, हे ध्यानात येते.

हीच वृत्तपत्रे या संग्रहाचा सर्वांत समृद्ध भाग आहेत. ऑगस्टा काउंटीने १८६० च्या निवडणुकीत संघराज्य टिकवू पाहणाऱ्या जॉन बेल यांना कौल दिला होता, आणि संघराज्यातून फुटून निघण्यास तेथील पुढाऱ्यांचा दीर्घकाळ विरोध होता. एप्रिल १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेचे बंड मोडण्यासाठी ७५ हजार स्वयंसेवकांची मागणी करताच तो विरोध काही दिवसांतच ओसरला, आणि पुढे याच काउंटीतील तरुण दक्षिणेचा सेनानी स्टोनवॉल जॅक्सन याच्या ब्रिगेडमध्ये मोठ्या संख्येने दिसतात. हे वळण आठवड्यामागून आठवड्याचे अंक चाळत पाहण्याची सोय मला कोणत्याही इतिहासग्रंथापेक्षा अधिक उपयोगाची वाटली. मात्र अनेक बातम्यांचा येथे केवळ एक-दोन ओळींचा सारांश दिलेला आहे, आणि नेमकी हवी असलेली बातमी तशी निघाली की चिडचिड होते.

पत्रे आणि रोजनिशा यांची निवड मोठी नसली तरी चोख आहे. स्टँटनचे जोसेफ वॉडेल फुटून निघण्याच्या विरोधात होते, गुलामांचे मालकही होते, आणि त्यांच्या रोजनिशीत महागाई, अफवा व खचत जाणारे मन यांची नोंद सापडते. फ्रँकलिनमधील चेंबर्सबर्गच्या रेचेल कॉर्मनी यांनी जून १८६३ मध्ये, दक्षिणेचे सेनापती ली यांचे सैन्य गेटिसबर्गच्या लढाईआधी फ्रँकलिनमध्ये शिरले तेव्हा, दक्षिणेचे सैनिक कृष्णवर्णीयांचा माग काढून बायका-मुलांना हाकत नेत असल्याचे लिहून ठेवले आहे. फ्रँकलिनमधीलच मर्सर्सबर्ग परिसरातील डेमस आणि क्रिस्टी या कृष्णवर्णीय कुटुंबांचा पत्रव्यवहार तर स्वतंत्र वाचनाचा विषय आहे. डेव्हिड डेमस उत्तरेच्या सैन्यातील ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय शिपायांच्या पलटणीत होते आणि जुलै १८६३ मध्ये फोर्ट वॅगनरच्या हल्ल्यात जखमी झाले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत असताना कृष्णवर्णीय शिपायाच्या हाती कपड्यांची कपात जाऊन ७ डॉलर येणार होते, म्हणून या पलटणीने पगारच नाकारला आणि काँग्रेसने जून १८६४ मध्ये कायदा करेपर्यंत घरची माणसे पैशांवाचून राहिली. ही पत्रे मूळच्या, उच्चारानुसारी शुद्धलेखनातच छापली आहेत. संपादकांनी ती सुधारली नाहीत, हे उत्तम झाले. मोठ्याने वाचली की ती सहज कळतात.

संग्रहाची सर्वांत मोठी उणीव त्याच्या साधनांतच आहे, आणि ती संपादकांना भरून काढता येण्याजोगी नव्हती. १८६० च्या खानेसुमारीत गुलामांच्या तक्त्यांवर नाव फक्त मालकाचे आहे; गुलामाचे केवळ वय, लिंग आणि वर्ण. नावाने शोध घेणारी सोय त्यामुळे मालकांसाठी चालते आणि गुलामांपाशी थांबते. १८७० च्या खानेसुमारीत आणि मुक्त गुलामांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याच्या कागदपत्रांत हीच माणसे नावानिशी येतात, पण दहा वर्षांपूर्वीच्या निनावी ओळीशी त्यांचे नाते जोडणे बहुतेक वेळा अंदाजावरच राहते. गोऱ्या कुटुंबांच्या बाबतीतही नोंदणी करणाऱ्याने आडनाव कसे लिहिले यावर बरेच अवलंबून असते, म्हणून एकाच नावाची दोन-तीन रूपे धरून शोधणे शहाणपणाचे ठरते.

माझा खरा आक्षेप मांडणीविषयी आहे. दोन काउंट्या सारख्या मापाने शेजारी ठेवल्या की त्यांची दुःखेही आपोआप सारखी दिसू लागतात. ३० जुलै १८६४ रोजी खंडणी न मिळाल्याने दक्षिणेच्या घोडदळाने चेंबर्सबर्ग जाळले. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत उत्तरेचा सेनानी शेरिडन याच्या सैन्याने खोऱ्यातील कोठारे आणि गिरण्या पेटवल्या. संग्रह दोन्ही आगींचे कागद समोर ठेवतो आणि बाजूला होतो. जाणत्या अभ्यासकाला ही तटस्थता आवडेल, पण नवख्या वाचकाला युद्ध कशासाठी चालले होते याचे भान सुटण्याचा धोका आहे, म्हणून त्याने वॉडेल यांच्या रोजनिशीबरोबरच डेमस यांची पत्रे वाचावीत.

युद्धानंतरच्या दालनाकडे वाचक सहसा कमी वळतात, हे बरे नाही. दक्षिणेतील ज्या रहिवाशांची मालमत्ता संघराज्याच्या (म्हणजे उत्तरेच्या) सैन्याने नेली, त्यांना भरपाई मागण्यासाठी १८७१ मध्ये आयोग स्थापन झाला आणि अर्जदाराने युद्धकाळात आपण संघराज्याशी एकनिष्ठ होतो हे साक्षीदारांसह सिद्ध करावे, अशी अट होती. ऑगस्टातील अर्जांत घोडे, कुंपणाची लाकडे आणि धान्य यांची यादी येते, आणि पाठोपाठ कोणी कोणाला मत दिले, कोणाचा मुलगा कोणत्या सैन्यात गेला, याच्या शेजाऱ्यांनी दिलेल्या जबान्या येतात. कोर्टकचेरीच्या कागदांची सवय असलेल्या वाचकाने सुरुवात तेथूनच करायला हरकत नाही.