पवनचक्कीचा आवाज: ठरावात अंतर लिहायचं, आकडा लिहायचा की फरक?

पवनचक्क्या येतात तेव्हा सर्वांत जवळ सापडतात ती गावठाणातली नव्हे, तर शेतातल्या वस्तीवरची घरं. ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांत मात्र वस्तीवरची माणसं मोजकीच असतात. सांगोला असो की बार्शी, ना हरकतीचा ठराव करताना आवाजाची अट तीन तऱ्हांनी घालता येते, आणि तिन्ही सारख्या कामाच्या नाहीत.

पहिली तऱ्हा अंतराची. केंद्र सरकारच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत राहत्या घरापासून ५०० मीटर सांगितलेत. मोजायला सोपं, वाद कमी, म्हणून पुढाऱ्यांना हेच आवडतं. पण मीटरला आवाज कळत नाही. मोठ्या चक्कीची ध्वनिशक्ती (यंत्रातूनच सुटणारा आवाज) साधारण १०६ डेसिबल धरली, तर ५०० मीटरवर एका चक्कीचा आवाज ४२-४३ भरतो. तेवढ्याच अंतरावर दुसरी उभी राहिली की ३ डेसिबल वाढले, तिसरी आली की ४७च्या पुढे. म्हणजे अंतराचा नियम तंतोतंत पाळूनही रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा मोडू शकते. अंतर दुप्पट केलं तर ६ डेसिबल उतरतात. अंतराचा उपयोग जागा चाळून घ्यायला, त्यापुढे नाही.

दुसरी तऱ्हा ठरावीक आकड्याची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आकडा कुणालाही समजतो, कोर्टातही टिकतो. मेख आहे ती तक्रारीच्या कलमात: मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज झाला तर, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तर तक्रार, अशी नियम ७ची भाषा आहे. ‘१० जास्त’वर वाद घालत बसायचं नसेल तर आकडा कंपनीशी होणाऱ्या करारातच हवा, म्हणजे ४५ म्हणजे ४५च. जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची शिफारस तर याहून कडक. ती संध्याकाळ-रात्रीला जास्त वजन देणाऱ्या सरासरीत दिली आहे; दिवसरात्र सारखा आवाज धरला तर ३८-३९च्या आसपास येते. कंपनी ४५वर अडून बसणार हे धरूनच बोलणी ४०पासून सुरू करावी.

तिसरी तऱ्हा फरकाची: चक्की नसतानाच्या आवाजाच्या वर ५ डेसिबल. ब्रिटनमध्ये १९९६पासून हीच पद्धत, पण रात्री ४३पर्यंतचा आवाज चालेल अशी सूट ठेवून. कागदावर न्याय्य वाटते. सोलापुरात मात्र तिचा निकाल मोजणीचा महिना लावतो. मायक्रोफोनशेजारी कंबरेएवढी मालदांडी ज्वारी उभी असेल तर वाऱ्यानं पानं सळसळतात आणि ‘मूळ आवाज’ फुगतो. रात्रपाळीच्या लायटीवर विहिरीची मोटर सुरू झाली, की आणखी. मग वर ५ची सूट त्या फुगलेल्या आकड्यावर मिळते! फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की सळसळ संपते, करारातला आकडा मात्र तसाच राहतो. फरकाची अट दिवसापुरती चालेल, रात्रीसाठी मी ती घेणार नाही.

खरा घोळ चाचणीत होतो. वारा जोरात असतो तो जून ते सप्टेंबर, पण तेव्हा बेडूक, रातकिडे आणि मायक्रोफोनवर आपटणारा वारा यांत चक्की हरवते. त्रास कळतो तो थंडीतल्या निरभ्र रात्री: जमीन गार पडते, अंगणात पानही हलत नाही, आणि शंभर मीटर उंचीवर वारा चालूच असतो. सुपात धान्य पाखडावं तसा लयीतला सुसाट आवाज तेव्हा उशाशी येतो. दुपारी मोजलेला अहवाल कुणी पुढे केला तर तो बाजूला ठेवावा.

मोजायचं माप कोणतं, हेही ठरावात लिहावं. सरासरी घेतली तर कुत्रं भुंकलं, ट्रॅक्टर गेला की आकडा चढतो. एल-९० म्हणजे ९० टक्के वेळ ज्याच्या वर आवाज असतो ती पातळी. त्यात असले प्रसंग गळून जातात. पण चक्कीचा एल-९० सरासरीपेक्षा सुमारे २ डेसिबल कमी भरतो, म्हणून एल-९०मध्ये मोजलेले ब्रिटनचे ४३ आपल्या ४५शी थेट ताडून बघू नयेत.

सर्वांत खात्रीची कसोटी म्हणजे चालू-बंद. वारा तोच असताना चक्की चालू ठेवून मोजायचं, लगेच थांबवून पुन्हा मोजायचं. चालू असताना ४७, बंद असताना ४४ भरले तर चक्कीचे स्वतःचे ४४. फरक ३पेक्षा कमी निघाला तर ती रात्र सोडून द्यायची. चक्की थांबवणं कंपनीच्या हातात, म्हणून तिची संमती आधीच करारात घ्यावी लागते. नंतर मागायला गेलं की ‘वरून परवानगी नाही’ ऐकायला मिळतं.

माझा कौल: रात्री ठरावीक आकडा, डिसेंबर-जानेवारीत चालू-बंद चाचणी, खर्च कंपनीचा, यंत्र लावणारा मात्र ग्रामपंचायतीनं निवडलेला. मर्यादा मोडली तर पाती सावकाश फिरवण्याचा कमी आवाजाचा मोड नव्या यंत्रांत असतो. फेरचाचणी होईपर्यंत ती चक्की रात्री त्याच मोडवर. वीज कमी पडेल, त्याचं नुकसान कंपनीचं, आणि हे वाक्य करारात भाड्याच्या कलमाच्या आधी यायला हवं.