फेस्टिनिऑग रेल्वे: स्लेट जशी उतरत असे, तसे उतरावे

वायव्य वेल्समधील फेस्टिनिऑग रेल्वेचे बहुतेक प्रवासी समुद्रकाठच्या पोर्थमॅडॉगला गाडीत बसतात, वर ब्लायनाय फेस्टिनिऑगला पोहोचतात आणि थोड्याच वेळात परतीची गाडी धरतात. माझी आग्रहाची शिफारस याच्या उलट आहे. ही रेल्वे डोंगरातून खाली येणाऱ्या मालासाठी बांधलेली आहे, त्यामुळे तिची आखणी समजून घ्यायची तर प्रवासही वरून खालीच करावा.

त्यासाठी लँडिडनो जंक्शनहून कॉनवी खोऱ्यातून येणारी मोठ्या रुळांची गाडी घ्यावी. तीन किलोमीटरहून अधिक लांबीच्या बोगद्यातून ती बाहेर पडते, तेव्हा आपण एकदम स्लेटच्या करड्या ढिगाऱ्यांमध्ये येतो. ज्या दगडाच्या पाटीवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अक्षरे गिरवली गेली, तोच दगड इथे प्रामुख्याने छपरांसाठी काढला जाई, आणि एक टन विकण्याजोग्या मालामागे दहा टनांच्या आसपास दगड वाया जाई. हे ढिगारे असल्यामुळेच 1951 साली स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाची हद्द आखताना, चारही बाजूंनी उद्यान असूनही, हे गाव वगळले गेले. पुढे 2021 मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या ज्या स्लेट-भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात फेस्टिनिऑगच्या खाणी आणि ही रेल्वे दोन्ही आहेत.

गाडी पकडण्यापूर्वी जवळच्या लेखवेड खाणीसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. येथील दगड तिरप्या थरांत असल्याने तो जमिनीखाली प्रचंड दालने खोदून काढावा लागे. दगड फोडण्याचे प्रात्यक्षिक पाहायला मिळाले तर अगदी पुढे बसून पाहावे. कारागीर ठोकळा मांडीला टेकवून धरतो, रुंद आणि पातळ छिन्नी कडेवर ठेवून हलके ठोके देतो आणि दर वेळी ठोकळ्याचे बरोबर मधोमध दोन भाग करतो. एका बाजूने पातळ पापुद्रा काढू पाहिला तर तो तुटतो. म्हणून निम्म्याचे निम्मे करीत जाण्याची ही रीत आहे.

आता रेल्वेकडे वळतो. ती 1836 साली सुरू झाली, तिच्या रुळांमधील अंतर जेमतेम 597 मिलिमीटर आहे आणि मूळ मार्गाला सरासरी ऐंशीस एक असा सलग उतार होता. भरलेल्या वाघिणी केवळ स्वतःच्या वजनाने बंदरापर्यंत उतरत, ब्रेक सांभाळणारे कामगार तेवढे त्यांच्यावर असत. रिकाम्या वाघिणी वर ओढून नेणारे घोडेसुद्धा खाली येताना एका वेगळ्या वाघिणीत उभे राहून येत. 1863 मध्ये वाफेची इंजिने आली, तरी स्लेटच्या गाड्या 1939 पर्यंत अशाच उतरत राहिल्या. गाडी डोंगराचा प्रत्येक कंगोरा वळसा घालून का पार करते, हे खाली येताना आपोआप उमगते, कारण उतार कुठेही फार वाढू द्यायचा नव्हता आणि कुठे संपूही द्यायचा नव्हता.

शक्य असल्यास दुहेरी फेअरली इंजिनाची फेरी निवडावी. या इंजिनाला दोन्ही टोकांकडे बॉयलर असतो आणि चालक व आगवाला मधल्या भट्टीच्या दोन बाजूंना उभे राहून काम करतात. 1870 मध्ये या इंजिनांच्या चाचण्या पाहायला रशियाप्रमाणेच भारतासंबंधीचे अधिकारीही आले होते. पुढे दार्जिलिंग आणि नेरळ–माथेरान या आपल्या डोंगरी रेल्वे दोन फुटी रुळांवरच धावल्या. माथेरानच्या गाडीत बसलेल्या कोणालाही येथील डब्यांची अरुंद बैठक लगेच ओळखीची वाटेल.

टॅनिग्रिशायनंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. 1946 मध्ये रेल्वे बंद पडली, स्वयंसेवकांनी 1955 पासून ती टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केली, पण दरम्यान जुन्या मार्गाचा एक भाग वीजप्रकल्पाच्या जलाशयाखाली गेला होता. तेव्हा मुख्यतः स्वयंसेवकांच्याच श्रमांतून, नव्या बोगद्यासह, पर्यायी मार्ग बांधण्यात आला. दुआल्टजवळ हा मार्ग चक्राकार वळून स्वतःलाच ओलांडतो. ब्लायनायपर्यंत गाडी पुन्हा पोहोचायला 1982 उजाडले. मूळचा अखंड उतार या पट्ट्यात मोडला आहे, पण रेल्वे जगली ती याच पट्ट्यामुळे.

पुढे केई मावर हा चुन्याशिवाय, नुसत्या दगडावर दगड रचून बांधलेला उंच बांध लागतो. तो डब्यातून नीट दिसत नाही, म्हणून शक्य असल्यास वळणावर मागचे डबे पाहावेत, म्हणजे त्याच्या उंचीचा अंदाज येतो. नंतर बोस्टन लॉजचा जुना कारखाना येतो, जिथे आजही इंजिने बांधली व दुरुस्त केली जातात, आणि समुद्र अडवणाऱ्या कॉब या बांधावरून गाडी पोर्थमॅडॉगला शिरते.

तिकीट स्वस्त नाही, परंतु एका उद्योगाची उतरंड अशी बसल्या जागी उलगडणारी दुसरी सफर मला माहीत नाही. हिवाळ्यात फेऱ्या फार कमी असतात, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच आखणी करावी. पोर्थमॅडॉगच्याच स्थानकातून कार्नारवॉनकडे वेल्श हायलँड रेल्वेही सुटते. तिचा प्रवास बराच लांबचा आहे, तेव्हा ती त्याच दिवशी उरकण्याऐवजी तिच्यासाठी दुसरा दिवस ठेवावा.