अल्बिकन्स-डुब्लिनेन्सिस आणि ऑरिस-हिम्युलोनी: छोट्या लॅबने पैसे कशावर घालावेत?

मध्यम आकाराच्या हॉस्पिटलची लॅब बघणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, की कॅन्डिडा (माणसाला इन्फेक्शन देणारी यीस्ट, म्हणजे एकपेशी बुरशी) ओळखायला क्रोमअगर (जातीनुसार वेगळा रंग देणारी प्लेट) आणि जर्म ट्यूबवर भागवायचं, की ऑटोमेटेड मशीनची कार्डं सुरू करायची, की सरळ मॅल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जातीचं नाव सांगणारं मशीन) घ्यायचं. सेल्सवाला सगळ्यात महाग तेच सांगणार, त्याचं पोट त्यावर आहे. माझं मत विचाराल तर मशीनकडे नंतर बघा, आधी बघा की कुठल्या दोन जातींत गोंधळ होतोय आणि नाव चुकलं तर पेशंटचं नक्की काय बिघडतं. लॅबवाल्यांचं डोकं खाणाऱ्या दोन जोड्या आहेत आणि दोन्हीचा हिशोब एकदम वेगळा आहे.

पहिली जोडी अल्बिकन्स आणि डुब्लिनेन्सिस, दोन्ही कॅन्डिडाच्याच जाती. डुब्लिनेन्सिस ही वेगळी जात म्हणून 1995 साली डब्लिनमधल्या संशोधकांनी मांडली, एचआयव्हीच्या पेशंटांच्या तोंडातून मिळालेली, त्याआधी ती बहुतेक ठिकाणी अल्बिकन्स म्हणूनच रिपोर्टमध्ये जायची. त्यात कुणाची चूक नव्हती, कारण जर्म ट्यूब दोघीही देतात. कॉलनी (प्लेटवर वाढलेला ठिपका) सुईच्या टोकावर येईल एवढीच घेऊन सिरममध्ये मिसळायची, 37 डिग्रीला दोन ते तीन तास ठेवायची, मग मायक्रोस्कोपखाली पेशीतून सरळ नळी निघालेली दिसते, दोन्ही कडा समांतर आणि बुडाशी कुठे आवळलेलं नाही. बुडाशी चिमटा दिसला तर ती जर्म ट्यूब नाही, ट्रॉपिकॅलिस ही आणखी एक जात जास्त वेळ ठेवली की असला चकवा देते, म्हणून तीन तासांच्या पुढे वाचायला बसू नका. थोडक्यात काय, जर्म ट्यूब पॉझिटिव्ह म्हणजे या दोघींपैकी एक, एवढंच कळतं.

क्रोमअगरवर अल्बिकन्स फिकट हिरवी आणि डुब्लिनेन्सिस गडद हिरवी येते असं सगळीकडे लिहिलेलं असतं, खरंही आहे, पण पहिल्या प्लेटवर. तीच जात फ्रीझरमधून काढून दोन-तीनदा सबकल्चर केली, म्हणजे नव्या प्लेटवर वाढवली, की तो गडदपणा उतरतो आणि मग दोघं टेक्निशियन एकाच प्लेटकडे बघून दोन उत्तरं देतात. त्यामुळे नुसत्या रंगावर डुब्लिनेन्सिस लिहून टाकणं मला पटत नाही.

त्यापेक्षा स्वस्त आणि भरवशाच्या गोष्टी आहेत. एक म्हणजे 45 डिग्री. सॅबुरोच्या (बुरशी वाढवायचं नेहमीचं मीडिया) दोन प्लेट, एक 37 ला एक 45 ला, अल्बिकन्स 45 ला वाढते आणि डुब्लिनेन्सिस वाढत नाही, फक्त इन्क्युबेटरचं थर्मामीटर खरं बोलतंय ना ते बघून घ्या, कारण 42 ला दोघींचं वागणं धड एकसारखं नसतं आणि तुमचं 45 प्रत्यक्षात 42 असेल तर सगळी टेस्ट वाया. दुसरं म्हणजे सॅबुरोमध्ये 6.5 टक्के मीठ, त्यावर अल्बिकन्स तग धरते, डुब्लिनेन्सिस धरत नाही. झायलोज या साखरेचंही तसंच, अल्बिकन्स वापरते, डुब्लिनेन्सिसला ते सहसा जमत नाही.

आणि माझी आवडती म्हणजे कारळ्याची प्लेट. हो, चटणीचे तेच कारळे, स्टाइब अगर किंवा नायजर सीड अगर म्हणतात ते यापासूनच होतं आणि आपल्याकडे किराणा दुकानात मिळतात. लिटरला साधारण 50 ग्रॅम कारळे कुटून उकळून गाळून घ्यायचे आणि त्यात बाकीचं मीडिया. क्रिप्टोकोकस ही दुसरी यीस्ट त्यावर तपकिरी-काळी पडते हे तर सगळ्यांना माहीत असतं, पण 30 डिग्रीला दोन-तीन दिवसांनी डुब्लिनेन्सिसची कॉलनी खरखरीत होते आणि कडेला तंतूंची झालर फुटते, अल्बिकन्स मात्र गुळगुळीत राहते. झालरीचा तुकडा घेऊन स्लाइड केली तर जाड भिंतीचे गोल क्लॅमिडोस्पोर (एक प्रकारचे बीजाणू) दिसतात, जोडीने, तिघातिघांनी, घोसच्या घोस. कॉर्नमील अगरवर अल्बिकन्सही क्लॅमिडोस्पोर देते पण ते बहुतेक एकेकटे टोकाला. 2004 मध्ये कुवेतच्या एका टीमने तंबाखूच्या पानांचं अगर वापरून हाच फरक दाखवला होता, तेही चालतं, पण ज्या लॅबमध्ये तंबाखूबंदीची पाटी लावलीय तिथे कारळेच बरे.

आता खरा प्रश्न, एवढं करायचं कशाला? दोन्ही जाती साधारणपणे फ्लुकोनॅझोल या बुरशीच्या औषधाला ऐकतात, डुब्लिनेन्सिस तर त्यातली सौम्यच मानली जाते, मात्र वारंवार फ्लुकोनॅझोल मिळालं की तिच्यात रेझिस्टन्स यायची शक्यता असते. म्हणजे तोंडातल्या स्वॅबसाठी अल्बिकन्स-डुब्लिनेन्सिस कॉम्प्लेक्स (म्हणजे दोघींपैकी कुठलीही) लिहून सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध लागू पडतं ते) दिली तरी पेशंटचं नुकसान नाही. ब्लड कल्चरमधली असेल तर 45 डिग्री आणि कारळे लावा, खर्च किरकोळ आहे. या जोडीसाठी मॅल्डी-टॉफ घेणं म्हणजे चैन आहे, असो.

दुसऱ्या जोडीत मात्र चैन नाही, गरज आहे. ऑरिस 2009 साली जपानमध्ये एका बाईच्या कानातून मिळाली म्हणून तिचं नाव ऑरिस (लॅटिनमध्ये कान), आणि 2013 पर्यंत भारतातूनही रक्तातल्या इन्फेक्शनचे रिपोर्ट आले. तिची जवळची नातलग हिम्युलोनी. व्हायटेक 2 या ऑटोमेटेड मशीनच्या जुन्या सॉफ्टवेअरने ऑरिसला हिम्युलोनी म्हटल्याचं बरंच छापून आलंय, 8.01 पासून डेटाबेसमध्ये ऑरिस आहे, म्हणून आधी तुमच्या मशीनचं व्हर्जन बघा. एपीआय 20सी ही यीस्ट ओळखायची पट्टी तर तिला रोडोटोरुला ग्लुटिनिस म्हणायची, म्हणजे जी कॉलनी गुलाबी-केशरी असायला हवी ती समोर पांढरी दिसतेय आणि रिपोर्टवर रोडोटोरुला, असं झालं की तिथेच थांबायचं.

हातच्या टेस्टनी इथे काय मिळतं? जर्म ट्यूब दोघींची निगेटिव्ह. साध्या क्रोमअगरवर ऑरिस पांढरट ते गुलाबी-जांभळी, म्हणजे काहीच नाही कळलं. क्रोमअगर प्लसवर फिकट कॉलनीभोवती निळसर कडं येतं, स्क्रीनिंगला ते खूपच उपयोगी. 42 डिग्रीला ऑरिस वाढते, हिम्युलोनी वाढत नाही, आणि 10 टक्के मीठ घातलेल्या ब्रॉथमध्ये 40 डिग्रीला ऑरिस टिकते, म्हणून कातडीच्या स्वॅबमधून ती वर काढायला हीच युक्ती वापरतात. पण हे सगळं संशय पक्का करण्यापुरतं, शेवटचं उत्तर नाही. सेन्सिटिव्हिटीवरूनही वेगळ्या करता येत नाहीत, हिम्युलोनीही अँफोटेरिसिन (हेही बुरशीचंच औषध) आणि फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही बऱ्याचदा. फरक वॉर्डात पडतो. ऑरिस बेडच्या रेलिंगवर, बीपीच्या पट्ट्यावर राहते, एका पेशंटवरून दुसऱ्यावर जाते, नेहमीची क्वाटर्नरी अमोनियमची जंतुनाशकं तिच्यावर कमी पडतात, क्लोरीनवालं लागतं, पेशंट वेगळा ठेवावा लागतो. 2022 च्या डब्ल्यूएचओच्या धोकादायक बुरशींच्या यादीत ती सगळ्यात वरच्या गटात आहे (अल्बिकन्सही आहे तिथे, पण वेगळ्या कारणाने).

म्हणून ऑरिससाठी मॅल्डी-टॉफ उत्तमच, कॉलनीवर फॉर्मिक ॲसिडचा थेंब, मॅट्रिक्सचा थेंब आणि काही मिनिटांत नाव, पण लायब्ररी अपडेट असेल तरच, आणि मशीनची किंमत कोटींच्या घरात जाते त्यामुळे महिन्याला चार यीस्ट काढणाऱ्या लॅबने त्याच्या वाटेला जाऊ नये. अशा लॅबला क्रोमअगर प्लस, 42 डिग्री आणि संशयित आयसोलेट (पेशंटच्या नमुन्यातून वाढवलेली बुरशी) बाहेर डीएनए सिक्वेन्सिंगला, त्यातला आयटीएस किंवा डी1/डी2 भाग चालतो, हे जमून जातं. शहरात एखाद्या मेडिकल कॉलेजला मॅल्डी असेल तर आधीच बोलून ठेवा, पेशंट आल्यावर नको. चंदीगडच्या पीजीआयमध्ये रोगकारक बुरशींचं राष्ट्रीय कलेक्शन आहे, अडलेला आयसोलेट पाठवायला तीही जागा आहे.

पॅराप्सिलोसिस, ऑर्थोप्सिलोसिस, मेटाप्सिलोसिस हे कॅन्डिडाचेच तिघं 2005 मध्ये वेगळे झाले, त्यासाठी मात्र वेळ घालवू नका, कॉम्प्लेक्स लिहा आणि सेन्सिटिव्हिटी द्या.

आणि ऑरिसचा संशय असताना सिक्वेन्सिंगचा निकाल यायची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी "ऑरिस असण्याची शक्यता, ओळख बाकी" असं लिहून प्रोव्हिजनल रिपोर्ट द्या आणि आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरला फोन करून पेशंट वेगळा करायला सांगा. पुढे हिम्युलोनी निघाली तर वाया गेले ते दोन-चार दिवसांचे गाऊन आणि ग्लोव्ह्ज.