एका मास्टर इमेजवर चौदा पीसी: आठ महिन्यांनंतर

पुण्यात धायरीतल्या आमच्या संगणक वर्गासाठी तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून चौदा असेंबल्ड पीसी आणले. त्यांवर लिनक्सच घालायचं हे आधीच ठरलं होतं. पहिल्या पीसीवर सगळं हाताने बसवलं: उबुंटू या लिनक्सची २४.०४ सर्व्हर आवृत्ती, त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, लिब्रेऑफिस, मराठी फॉन्ट, इनस्क्रिप्ट कीबोर्ड. अख्खा रविवार गेला. मग क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने त्याची इमेज, म्हणजे डिस्कवरच्या सगळ्याची प्रत, काढून पेनड्राइव्हवरून बाकीच्यांवर उतरवली. एकेकाला जेमतेम दहा-बारा मिनिटं लागली. क्लोनझिला डिस्कवरची भरलेली जागाच उचलतं, त्यामुळे इमेज आटोपशीर राहते.

पहिली अडचण डिस्कची. मास्टर, म्हणजे तो पहिला पीसी, २५६ जीबीचा आणि चार पीसी २४० चे. लहान डिस्कवर इमेज उतरेचना. मास्टर नेहमी सगळ्यांत लहान डिस्कवर बनवा. मोठ्या डिस्कवर पार्टिशन नंतर वाढवता येतं.

खरा घोळ दुसऱ्या दिवशी झाला. तिसऱ्या रांगेतला पीसी चालू केला की पहिल्या रांगेतल्याचं नेट जायचं. केबल बदलल्या, स्विच बदलला, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, पाहिले तर दोघांचा एकच! सर्व्हर आवृत्तीत नेटवर्क सांभाळणारं सिस्टिमडी आयपी वाटणाऱ्या राउटरला नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस नाही, मशीन-आयडीवरून (सिस्टिमच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकावरून) बनलेली ओळख सांगतं, आणि चौदाही पीसींचा मशीन-आयडी इमेजबरोबर जसाच्या तसा आला होता. एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सोयीच्या) होस्ट की, म्हणजे पीसीची ओळख पटवणाऱ्या किल्ल्यासुद्धा सगळ्यांच्या सारख्याच.

आता इमेज काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करतो. डिलीट करत नाही. त्यानंतर मास्टर बंद करून थेट क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरूनच बूट करतो. मध्ये एकदा जरी मास्टर सुरू झाला तरी नवा आयडी तयार होतो आणि सगळी मेहनत पाण्यात. होस्ट की आणि होस्टनेम (पीसीचं नाव) पहिल्या बूटला एक छोटी स्क्रिप्ट नव्याने बनवते.

इमेज शिळी होते, हे मात्र खरं. दर दोन-तीन महिन्यांनी मास्टर अपडेट करून नवी काढावी लागते, नाहीतर उतरवल्यावर अपडेटच तासभर चालतात.

तरीही मी समाधानी आहे. बिघडलेला पीसी सहाच्या बॅचआधी पुन्हा उभा राहतो. फक्त इमेज उतरवली की त्या डिस्कवरचं सगळं जातं. एका मुलीने तीन दिवस बसून टाइप केलेला बायोडेटा माझ्या घाईमुळे असाच गेला. तिच्याबरोबर बसून तो पुन्हा टाइप केला आणि त्याच आठवड्यात मुलांच्या फाइलींसाठी एक जुना पीसी वेगळा ठेवला.