बेलर की लो-फ्लो पंप? आधी ड्रम कुठे ठेवणार ते बघा

पेट्रोलची जमिनीखालची टाकी गळाली, माती उकरून झाली, निरीक्षणाचे बोअरही मारून झाले. आता दर तीन महिन्यांनी बोअरच्या पाण्याचे नमुने काढायचेत आणि दोरीने सोडायचा बेलर घ्यावा की सावकाश पाणी ओढणारा लो-फ्लो पंप, इथे तुमचं अडलंय असं धरून लिहितो. सोलापूरजवळ एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आवारात मी दोन्ही वापरलेत. तिथे आता चार दुकानं आणि एक चहाचं हॉटेल आहे. पहिलं दीड वर्ष बेलर, नंतर पंप.

बेलरला लोक उगाच नावं ठेवतात. एक नळी, तळाला गोळीची झडप, वर दोरी. वीज नको, बॅटरी नको, बिघडायला त्यात काही नाहीच. शेकड्यांत मिळतो, त्यामुळे प्रत्येक बोअरला वेगळा ठेवता येतो. आणि पाण्यावर पेट्रोल तरंगतंय का, हे डोळ्यांनी बघायचं तर पारदर्शक बेलरच हवा. आपल्याकडे याला महत्त्व आहे. पावसाळ्यानंतर पाणी चढलं की बोअर अगदी साळसूद दिसतो. एप्रिल-मेमध्ये पातळी खाली गेली की मुरुमात अडकलेलं पेट्रोल पाझरून पुन्हा पाण्यावर येतं. सप्टेंबरचा चांगला अहवाल हातात घेऊन 'आता बंद करू का' म्हणणारे मालक मला भेटलेत.

बेलरची खोड अशी की तो पाणी ढवळतो. डुबुक करून पडला की पेट्रोलमधले बेंझिनसारखे घटक थोडे उडून जातात आणि गाळ वर येतो. एकाच बोअरचा, एकाच दिवशीचा माझ्या हातचा नमुना आणि सहकाऱ्याच्या हातचा नमुना जुळायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने पिण्याच्या पाण्यात बेंझिन लिटरला 10 मायक्रोग्रॅमच्या वर नको. इतक्या बारीक मापात असा फरक बोचतो. तरी एवढ्यासाठी मी बेलर सोडला नसता. हाताला वळण लावता येतं.

सोडला तो ड्रमांमुळे.

बोअरमध्ये साचलेलं पाणी नमुना म्हणून चालत नाही, म्हणून रूढ पद्धतीत आधी त्याच्या तिप्पट पाणी उपसून टाकायचं. आमचे बोअर सहा इंची, वर केसिंग आणि खाली उघडा पाषाण. अशा बोअरमध्ये मीटरमागे साधारण 18 लिटर पाणी असतं. सहा मीटर पाणी धरा, तिप्पट करा, सव्वातीनशे लिटर होतात. चार बोअरचे तेराशे. म्हणजे 200 लिटरचे साडेसहा ड्रम, दर तिमाहीला. ते गटारात सोडता येत नाही. विल्हेवाटीची गाडी ठरेपर्यंत ड्रम आवारातच.

आणि हे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणारं गाव. भरलेला ड्रम दिसला की इथल्या माणसाचा हात बादलीकडे जातोच, त्यात त्याची चूक नाही. मी ड्रमांवर लाल रंगाने 'धोका' लिहिलं होतं. मे महिन्यात एका सकाळी पोचलो, तर हॉटेलचे मामा त्यातलंच पाणी घेऊन दारात सडा मारत होते. म्हटलं, मामा, वास येत नाही का? म्हणाले, "पंपाच्या जागंत पंपाचाच वास येणार की ओ साहेब." नंतर झाकणांना कुलपं लावली. मग उन्हाने ड्रम फुगले, दुकानदारांनी गाड्या लावायला जागा नाही म्हणून तक्रार केली, आणि महिन्यातले दोन दिवस ड्रमांच्या पाठीमागेच जायला लागले.

लो-फ्लो पंप मिनिटाला 100 ते 500 मिली एवढंच ओढतो. पातळी दहा सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरू द्यायची नाही, आणि सामू, वाहकता, विरघळलेला प्राणवायू हे आकडे स्थिरावले की बाटली भरायची. आमच्याकडे 200 मिलीने पाऊण तास लागतो. नऊ लिटर. चारही बोअरचं पाणी दोन कॅनमध्ये बसतं आणि संध्याकाळी माझ्याबरोबर गाडीतून जातं.

पंप गुणाचाच आहे असं नाही. सगळा संच लाखांत जातो. आतला पाणी ढकलणारा फुगा फाटला तर सुटा भाग पुण्याहून येईपर्यंत हात बांधून बसा. पाषाणातला झरा बारीक असेल तर 100 मिलीलाही पातळी खाली जाते आणि मुकाट बेलर काढावा लागतो. जमिनीवर ठेवून ओढणारा स्वस्त पंप मीही आधी आणला होता. तो जेमतेम पंचवीस फुटांवरून ओढतो. फेब्रुवारीत पाणी त्याखाली गेलं आणि तो कपाटात गेला. घ्यायचाच तर बोअरमध्ये उतरणारा घ्या.

बाकी डोकेदुखी दोन्हीकडे सारखीच. आपलं जड पाणी, नमुना टिकावा म्हणून आम्ल टाकलेल्या 40 मिलीच्या बाटलीत फसफसतं आणि बुडबुडा राहतो, बेंझिन त्यात निघून जातं. मग आम्ल न घालता सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं.

तुमचे बोअर दोन इंची असतील, तर मीटरमागे दोनच लिटर पाणी निघतं. मागे कुलूपबंद जागा असेल तर बेलरने खुशाल निभावेल, पैसे वाचवा. सहा इंची बोअर आणि पुढे राबता असेल, तर मी तरी पंपच घेईन. बेलर मात्र गाडीत असू द्या, मेमध्ये तरंगणारं पेट्रोल बघायला लागतो.

परवा मामांनी ते दोन कॅन बघितले आणि म्हणाले, "औंदा तुमच्या बोअरला पाणी कमी दिसतंय की ओ."